कन्फ्यूशियसची शिकवण

कन्फ्यूशियसची शिकवण ही प्राचीन चीनमधील विचारवंत आणि शिक्षक कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ – इ.स.पू. ४७९) याच्या वचनांतून आणि त्याच्या शिष्यपरंपरेच्या भाष्यांतून घडलेली नैतिक व राजकीय विचारप्रणाली होय. चीन, कोरिया, जपान आणि व्हिएतनाम या देशांतील कुटुंबव्यवस्था, शिक्षण आणि राज्यकारभार यांवर तिचा दोन हजारांहून अधिक वर्षे प्रभाव राहिला. तिला धर्म म्हणावे की नीतिशास्त्र, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तिच्यात पूर्वजपूजा आणि विधी आहेत, पण प्रेषित नाही, पुरोहितवर्ग नाही आणि मोक्षाची कल्पनाही नाही. देवतांची सेवा कशी करावी असे एका शिष्याने विचारले, तेव्हा माणसांची सेवा अजून जमली नसताना तो प्रश्न कशाला, अशा आशयाचे उत्तर गुरूने दिल्याची नोंद आहे.

या शिकवणीची ओळख सामान्यतः आज्ञाधारकपणाची शिकवण अशी करून दिली जाते. ती अपुरी आहे. मूळ विचारात प्रत्येक नात्यातील कर्तव्य दुहेरी होते. वडीलधाऱ्यांना आणि राजाला त्यांच्या चुका स्पष्टपणे सांगणे हेही त्यात कर्तव्यच मानले होते. पुढील राजवटींनी यातील एक बाजू उचलून धरली आणि दुसरी झाकली. या मताचा पुढचा बराचसा इतिहास या दोन बाजूंमधील ओढाताणीचा आहे.

काळ आणि चरित्र

‘कन्फ्यूशियस’ हे नाव ‘खोंग फूझ’ म्हणजे ‘गुरुवर्य खोंग’ या चिनी संबोधनाचे जेझुइट धर्मप्रचारकांनी केलेले लॅटिन रूप आहे. त्याचे मूळ नाव खोंग छ्यू. आजच्या शांतोंग प्रांतातील छ्यूफू नगराजवळ, तत्कालीन लू राज्यात त्याचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले आणि आईने गरिबीत वाढवले. चौ घराण्याची सार्वभौम सत्ता तेव्हा नावापुरती उरली होती. मांडलिक राजे परस्परांशी लढत होते आणि त्यांच्या दरबारांतील सरदार खुद्द राजांना जुमानत नव्हते. चौ घराण्याच्या आरंभकाळातील सुव्यवस्था पुन्हा आणता येईल, अशी कन्फ्यूशियसची श्रद्धा होती. आपण नवीन काही सांगत नसून जुनेच पुढे पोहोचवत आहोत, असे तो म्हणत असे. प्रत्यक्षात त्याने जुन्या शब्दांना नवे अर्थ दिले.

लू राज्यात त्याने काही पदे भूषविली. त्यांत न्यायखात्याचे प्रमुखपदही होते, असे परंपरा सांगते. इ.स.पू. ४९७ च्या सुमारास तो राज्य सोडून निघाला आणि सल्ला ऐकणाऱ्या राजाच्या शोधात सुमारे तेरा वर्षे शिष्यांसह निरनिराळ्या दरबारांत फिरला. या प्रवासात एकदा उपासमारीची वेळही आली. असा राजा त्याला भेटला नाही. इ.स.पू. ४८४ मध्ये तो परतला आणि उरलेले आयुष्य त्याने अध्यापनात घालवले. मुलगा खोंग ली आणि लाडका शिष्य यान ह्वे हे दोघेही त्याच्या हयातीतच वारले. राजकीय दृष्टीने पाहता हे एका अपयशी माणसाचे चरित्र आहे.

त्याने स्वतः लिहिलेला ग्रंथ उपलब्ध नाही. शिष्य-प्रशिष्यांनी संकलित केलेला ‘लुन-यू’ हा वीस अध्यायांचा, सुमारे पाचशे छोट्या उताऱ्यांचा संवादसंग्रह हे त्याच्या विचारांचे मुख्य साधन आहे. त्यात सलग प्रतिपादन नाही. प्रश्नोत्तरे, शेरे, आठवणी आणि गुरूच्या जेवणाखाण्याच्या सवयींची वर्णनेदेखील त्यात आहेत.

मूळ संकल्पना

‘रन्’ ही या विचारातील मध्यवर्ती संकल्पना आहे. तिचे भाषांतर माणुसकी, परोपकारबुद्धी, करुणा असे वेगवेगळे केले जाते. ‘माणूस’ या चिनी शब्दाचा उच्चारही ‘रन्’ असाच आहे आणि या गुणाचे लिपिचिन्ह ‘माणूस’ व ‘दोन’ या चिन्हांच्या जोडीने बनते, त्यामुळे ‘माणुसकी’ हा मराठी शब्द त्याला बराच जवळचा वाटतो. कन्फ्यूशियसने तिची एकच व्याख्या दिली नाही. आयुष्यभर आचरता येईल असा एखादा शब्द मागितला असता त्याने ‘शू’ हा शब्द सांगितला. दुसऱ्याच्या मनाशी स्वतःचे मन ताडून पाहणे आणि स्वतःला नकोसे असेल ते इतरांवर न लादणे, असा त्याचा भाव आहे.

‘ली’ म्हणजे आचारविधी. मूळचा हा शब्द यज्ञबलीच्या विधीसाठी होता. कन्फ्यूशियसने त्याचा विस्तार अभिवादन, शोकपालन, आतिथ्य, दरबारी वर्तन अशा रोजच्या शिष्टाचारापर्यंत केला. बाह्य आचाराने मनाला वळण लागते आणि मनात भाव नसेल तर आचार पोकळ ठरतो, अशी ही दुहेरी भूमिका आहे. ‘यी’ म्हणजे लाभापेक्षा औचित्याला दिलेले महत्त्व. ‘श्याव’ म्हणजे मातापित्यांविषयीची भक्ती. केवळ अन्न पुरवणे ही भक्ती नव्हे, कारण अन्न तर पाळीव जनावरांनाही दिले जाते, हा त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. ‘च्युन्झ’ या शब्दाच्या बाबतीत त्याने केलेला बदल सर्वांत परिणामकारक ठरला. हा शब्द आधी राजपुत्र किंवा कुलीन पुरुष या अर्थाने वापरत. त्याने तो चारित्र्याने थोर असलेल्या माणसासाठी वापरला. त्यामुळे थोरपणा जन्मावरून न ठरता आचरणावरून ठरू लागला.

राज्यकारभाराची सूत्रे हाती आली तर प्रथम काय कराल, या प्रश्नाला त्याने नावे दुरुस्त करण्याचे उत्तर दिले. राजा या नावाच्या माणसाने राजासारखे आणि पिता या नावाच्या माणसाने पित्यासारखे वागले पाहिजे, असा त्याचा अर्थ. अन्न, शस्त्रबळ आणि प्रजेचा विश्वास या तिहींपैकी काही सोडावेच लागले तर आधी शस्त्रे सोडावीत, मग अन्न, पण विश्वास सोडू नये, असेही त्याने शिष्य झगोंग याला सांगितले.

पाच नाती

राजा-सेवक, पिता-पुत्र, पती-पत्नी, थोरला भाऊ-धाकटा भाऊ आणि मित्र-मित्र ही पाच नाती समाजाचा पाया मानली जातात. पाचांची ही यादी मेन्शियसच्या ग्रंथात आढळते. मैत्री वगळता सर्व नाती उच्चनीच क्रमाची आहेत, मात्र वरच्या स्थानावरील व्यक्तीवरही तेवढेच बंधन आहे. आईवडील चुकत असतील तर मुलाने त्यांना सौम्यपणे सांगावे, त्यांनी ऐकले नाही तरी आदर ढळू देऊ नये, असे ‘लुन-यू’त म्हटले आहे. ‘श्यावचिंग’ या पितृभक्तीवरील छोट्या ग्रंथात तर वडिलांची प्रत्येक आज्ञा मुकाट्याने पाळणे म्हणजे पितृभक्ती नव्हे, असे स्पष्ट बजावले आहे.

या विचारातील एक अडचण जुनीच आहे. वडिलांनी मेंढी चोरली तर मुलाने त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी काय? कन्फ्यूशियसच्या मते पित्याने पुत्राला आणि पुत्राने पित्याला झाकणे यातच सरळपणा आहे. कायदा आणि नाते यांतील हा संघर्ष चिनी विद्वानांत आजही चर्चिला जातो, आणि वशिलेबाजीचे मूळ येथेच आहे असा आक्षेप आधुनिक टीकाकार घेतात.

अध्यापन

शिक्षक म्हणून कन्फ्यूशियसची कामगिरी त्याच्या राजकीय खटपटीपेक्षा कितीतरी टिकाऊ ठरली. शिक्षण देताना वर्गभेद मानू नये, हे त्याचे तत्त्व होते. वाळवलेल्या मांसाची जुडी एवढी किरकोळ गुरुदक्षिणा आणणाऱ्यालाही त्याने परत पाठवले नाही. त्याच्या शिष्यांत यान ह्वेसारखा गल्लीत राहणारा दरिद्री तरुण होता, झगोंगसारखा यशस्वी व्यापारी होता आणि झलूसारखा तापट योद्धाही होता.

ऐकलेले लगेच आचरणात आणावे काय, हा प्रश्न झलूने विचारला तेव्हा गुरूने घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारण्यास सांगितले. रान यू याने तोच प्रश्न विचारला तेव्हा लगेच आचरणात आण असे सांगितले. दोन उत्तरे ऐकून गोंधळलेल्या तिसऱ्या शिष्याला त्याने कारण दिले. रान यू मागे राहणारा होता म्हणून त्याला पुढे ढकलले, आणि झलू अंगावर धावून जाणारा होता म्हणून त्याला आवरले. एक कोपरा दाखवल्यावर उरलेले तीन जो स्वतः शोधत नाही, त्याला तो धडा पुन्हा सांगत नसे. पुढे याच गुरूच्या नावाने जी पाठांतरप्रधान शिक्षणपद्धती उभी राहिली, तिच्याशी हे प्रसंग ताडून पाहण्याजोगे आहेत.

गुरूच्या निधनानंतर शिष्यांनी तीन वर्षे शोक पाळला. झगोंग मात्र समाधीशेजारी झोपडी बांधून आणखी तीन वर्षे राहिला, असे परंपरा सांगते.

मेन्शियस आणि श्युन्झ

मेन्शियस (मंगझ, इ.स.पू. चौथे शतक) याने मनुष्यस्वभाव मूलतः चांगला आहे असे मांडले. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसताच कोणाचेही काळीज हलते आणि त्यात लाभाचा विचार नसतो, हा त्याचा दाखला. राजसत्तेविषयी तो गुरूपेक्षा पुष्कळ पुढे गेला. प्रजेचे स्थान प्रथम आणि राजाचे सर्वांत शेवटी, असा क्रम त्याने लावला. माणुसकी पायदळी तुडवणारा राजा हा राजाच उरत नाही, म्हणून त्याचा वध हा राजवध नव्हे, असे त्याने एका राजालाच ऐकवले. श्युन्झ याने याउलट मनुष्यस्वभाव वाईट असून शिक्षण व आचारविधी यांनीच तो सुधारतो असे प्रतिपादन केले. कठोर कायद्याचा पुरस्कार करणारे हान फेइ आणि ली स हे दोघेही श्युन्झचे शिष्य मानले जातात. यांतील ली स हा पुढे छिन सम्राटाचा प्रधान झाला आणि इ.स.पू. २१३ मध्ये त्याच्याच सल्ल्याने कन्फ्यूशियस परंपरेचे ग्रंथ जाळण्यात आले.

राजाश्रय आणि त्याची किंमत

हान घराण्याचा संस्थापक ल्यू पांग याला पंडितांचा इतका तिटकारा होता, की तो त्यांच्या टोप्या ओढून त्यांत लघवी करीत असे, अशी नोंद इतिहासकार स-मा छ्येन याने केली आहे. त्याच सम्राटाने इ.स.पू. १९५ मध्ये छ्यूफू येथे जाऊन कन्फ्यूशियसला बली अर्पण केला. घोड्यावर बसून जिंकलेले राज्य घोड्यावर बसून चालवता येत नाही, हे त्याला तोवर उमगले होते. सम्राट वू याने इ.स.पू. १३६ मध्ये पाच अभिजात ग्रंथांसाठी राजपंडित नेमले आणि इ.स.पू. १२४ मध्ये राजविद्यापीठ स्थापन केले.

राजाश्रयाबरोबर आशयही बदलला. तोंग चोंगशू आणि त्याच्या नंतरच्या पंडितांनी पाच नात्यांपैकी तिहींना ‘तीन बंधने’ असे स्वरूप दिले. राजा सेवकावर, पिता पुत्रावर आणि पती पत्नीवर अधिकार चालवतो, असे त्यांचे सार आहे. परस्परतेचा उल्लेख मागे पडला. अशीच त्रयी आधी हान फेइच्या नावावरील ग्रंथात आढळते, म्हणजे कन्फ्यूशियसच्या विरोधकांचाच विचार त्याच्या नावाने दरबारात स्थिरावला, हे अनेक अभ्यासकांचे निरीक्षण मार्मिक आहे.

मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू याने मेन्शियसचे ग्रंथ वाचले आणि तो संतापला. त्याने मेन्शियसला कन्फ्यूशियसच्या मंदिरातील मानाच्या स्थानावरून काही काळ हटवले. १३९४ मध्ये त्याच्या आज्ञेने मेन्शियसच्या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती निघाली. राजाच्या अधिकाराला धक्का देणारे ८५ उतारे तीतून वगळले होते. पुढे काही वर्षांत मूळ ग्रंथ पुन्हा प्रचारात आला.

दुसरी बाजूही जिवंत राहिली. सम्राटाला त्याच्या चुका दाखवणारे अधिकारी हे चिनी शासनयंत्रणेचे अधिकृत अंग होते. मिंग काळातील हाय रुई या अधिकाऱ्याने १५६६ च्या सुमारास जियाजिंग सम्राटाला पत्र लिहून कारभाराकडे केलेल्या दुर्लक्षाबद्दल आणि अमरत्वाच्या नादाबद्दल धारेवर धरले. पत्र देण्यापूर्वी त्याने स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन घरच्यांचा निरोप घेतला होता, असे सांगतात. त्याला कैद झाली. १५६७ च्या आरंभी सम्राट वारल्यावर तो सुटला.

राजसेवेच्या परीक्षा

लेखी परीक्षेने अधिकारी निवडण्याची पद्धत स्वै घराण्याच्या काळात, इ.स. ६०० च्या सुमारास सुरू झाली आणि १९०५ मध्ये बंद झाली. चू शी (११३०–१२००) याने ‘लुन-यू’, ‘मेन्शियस’ आणि अन्य दोन छोटे ग्रंथ मिळून ‘चार ग्रंथ’ निश्चित केले व त्यांवर भाष्य लिहिले. १३१३ च्या राजाज्ञेने हे ग्रंथ आणि हेच भाष्य परीक्षेचा आधार ठरले. प्रांतिक परीक्षा तीन वर्षांतून एकदा होत असे. उमेदवार अरुंद खोपट्यांत अंथरूण-शिदोरीसह कोंडले जात. नानचिंग येथील परीक्षाकेंद्रात अशी वीस हजारांहून अधिक खोपटी होती. स्त्रियांना प्रवेश नव्हता. मिंग-छिंग काळात निबंधाचा साचा आठ भागांत इतका काटेकोर ठरला, की नव्या विचाराला वाव उरला नाही.

शेतकऱ्याच्या मुलालाही उच्चपद मिळण्याची शक्यता या पद्धतीने निर्माण केली. व्यवहारात अनेक वर्षे मुलाला कामातून मोकळे ठेवू शकणारी घराणीच बहुधा पुढे येत. अपयशाचे परिणामही मोठे होते. चार वेळा अनुत्तीर्ण झालेल्या होंग श्यूछ्वान या उमेदवाराने पुढे तायपिंग बंडाचे (१८५१–१८६४) नेतृत्व केले. या बंडात कोट्यवधी माणसे मेली.

चीनबाहेर

कोरियातील चोसन राजवटीने (१३९२–१९१०) ही शिकवण चीनपेक्षाही काटेकोरपणे राबवली. तेथील नऊ ‘सोवोन’ विद्यापीठे २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. व्हिएतनाममध्ये हनोई येथील साहित्यमंदिर १०७० मध्ये उभारले गेले. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या पंडितांची नावे कोरलेले ८२ शिलालेख तेथे आहेत. व्हिएतनाममधील राजपरीक्षा चीननंतरही, १९१९ पर्यंत चालू राहिल्या. जपानने मात्र परीक्षापद्धती मुळातून स्वीकारली नाही. तोकुगावा काळात निष्ठेच्या अंगावर भर देण्यात आला आणि १८९० च्या शिक्षणविषयक राजाज्ञेत तोच राष्ट्रनिष्ठेशी जोडला गेला.

युरोपला या विचाराचा परिचय जेझुइटांनी करून दिला. त्यांतील प्रमुख मात्तेओ रिच्ची हा चीनला जाण्यापूर्वी १५७८ ते १५८२ या काळात गोवा व कोची येथे होता. १६८७ मध्ये पॅरिस येथे कन्फ्यूशियस परंपरेतील ग्रंथांचे लॅटिन भाषांतर प्रसिद्ध झाले. ईश्वरी साक्षात्काराशिवायही नीती संभवते याचा पुरावा म्हणून चीनकडे बोट दाखवणाऱ्या क्रिस्टियान वोल्फ या जर्मन प्राध्यापकाला हाले विद्यापीठ आणि प्रशिया सोडावे लागले. चिनी अधिकाऱ्यांसाठी युरोपीयांनी रूढ केलेला ‘मँडरिन’ हा शब्द चिनी नाही. पोर्तुगीज व मलय भाषांमार्गे तो संस्कृत ‘मंत्रिन्’ या शब्दापर्यंत पोहोचतो. ब्रिटिशांनी १८५५ पासून भारतातील सनदी सेवेसाठी खुली स्पर्धापरीक्षा घेतली. तिच्यामागे चिनी परीक्षांचे उदाहरण होते असे अनेक इतिहासकार मानतात. त्या अर्थाने आजच्या स्पर्धापरीक्षांच्या उमेदवाराचे दूरचे नाते नानचिंगच्या खोपट्यांशी लागते.

स्त्रियांचे स्थान

या परंपरेवरील सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रियांच्या स्थितीविषयी आहे. मुलीने पित्याच्या, पत्नीने पतीच्या आणि विधवेने पुत्राच्या आज्ञेत राहावे, हा तिहेरी नियम विधिग्रंथांत आहे. मनुस्मृतीशी परिचित वाचकाला त्यातील साम्य लगेच जाणवेल. हान काळातील विदुषी पान चाव हिने स्त्रियांना नम्रतेचा उपदेश केला आणि त्याच वेळी मुलींनाही मुलांप्रमाणे शिकवावे असा आग्रह धरला. मिंग व छिंग काळात पुनर्विवाह न करणाऱ्या विधवांच्या सन्मानार्थ दगडी कमानी उभारल्या जात. अशा प्रतिष्ठेच्या ओझ्याखाली अनेक तरुण विधवांनी आत्महत्या केल्या. कोरियात एकाच कुलातील व्यक्तींच्या विवाहावरील बंदी १९९७ मध्ये आणि पुरुषप्रधान कुटुंबप्रमुख पद्धती २००५ मध्ये तेथील घटना न्यायालयाने अवैध ठरवली. दोन्ही वेळा कन्फ्यूशियसवादी संघटनांनी सुधारणांना विरोध केला होता.

विसावे शतक आणि नंतर

१९१५ नंतरच्या नवसंस्कृती चळवळीने चीनच्या दुर्बलतेचे खापर कन्फ्यूशियसवर फोडले. लू शून याने १९१८ मध्ये लिहिलेल्या ‘वेड्याची रोजनिशी’ या कथेत नीतीच्या मुखवट्यामागे माणसे खाणारा समाज रंगवला. साम्यवादी राजवटीत ही टीका शासकीय धोरण बनली. सांस्कृतिक क्रांतीच्या ठिणगीमागेही ही परंपराच होती. इतिहासकार वू हान याने हाय रुईवर नाटक लिहिले होते आणि ते १९६१ मध्ये रंगभूमीवर आले. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्यावर झालेली टीका हीच क्रांतीची नांदी ठरली. सम्राटाला जाब विचारणाऱ्या अधिकाऱ्याचे गुणगान माओ यांच्या टीकाकारांचे समर्थन मानले गेले. वू हान १९६९ मध्ये तुरुंगात वारला. १९६६ च्या नोव्हेंबरात रेड गार्ड्सनी छ्यूफूतील समाधी आणि मंदिरातील मूर्तींची तोडफोड केली होती.

समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने चीनमध्ये भांडवलशाही न उपजण्याचे एक कारण म्हणून कन्फ्यूशियसवादाकडे पाहिले. १९८० च्या दशकात दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि सिंगापूर यांच्या भरभराटीचे श्रेयही त्याच मताला देण्यात आले. दोन विरुद्ध परिणामांना एकच कारण लागू पडत असेल, तर त्या कारणाविषयी साशंक राहणेच इष्ट. लोकशाही पूर्वेच्या मूल्यांना मानवत नाही, हे सिंगापूरचे नेते ली क्वान यू यांचे मत १९९४ मध्ये कोरियन नेते किम दे-जुंग यांनी मेन्शियसच्याच आधारे खोडून काढले. अमर्त्य सेन यांनीही कन्फ्यूशियसने आंधळ्या निष्ठेचा पुरस्कार केला नव्हता, याकडे लक्ष वेधले आहे.

छ्यूफू येथील मंदिर, समाधिस्थान आणि खोंग घराण्याचा वाडा यांचा १९९४ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. २००४ पासून चीन सरकारने परदेशांत कन्फ्यूशियस संस्था काढल्या. जानेवारी २०११ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकालगत त्याचा ९.५ मीटर उंचीचा कांस्यपुतळा उभारला गेला आणि एप्रिलमध्ये कोणतेही जाहीर स्पष्टीकरण न देता तेथून हलवला गेला. २०१३ पासून लागू झालेल्या चिनी कायद्याने वेगळे राहणाऱ्या मुलांना आईवडिलांची वरचेवर भेट घेणे बंधनकारक केले. खोंग घराण्याच्या वंशावळीची नवी आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वीस लाखांहून अधिक वंशजांची नोंद असून मुलींची नावे त्यात प्रथमच घेण्यात आली.